लॉर्नाचा पंच

नेब्रास्कातल्या आमच्या गावात लॉर्ना श्मिटची बेकरी आहे. कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉलची मॅच असली की बेकरीला कुलूप आणि लॉर्ना माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत. तिचा जन्माचा वैरी म्हणजे पंच मर्ल होबार्ट. त्याने आमच्याविरुद्ध शिट्टी वाजवली की ही उठून ओरडणार, "आंधळ्या, चष्मा बदल!" गेल्या वर्षी तो निवृत्त झाला, तेव्हा तिने गावाला फुकट डोनट वाटले. हा पठ्ठ्या स्वतः येऊन दोन घेऊन गेला.

यंदा हंगामाअखेरच्या स्पर्धेत आमच्या मुली थेट फायनलला पोचल्या. लॉर्ना आली आणि तिच्या मागून मर्ल! अंगात आमच्या कॉलेजचा लाल स्वेटर, हातात तिचं पॉपकॉर्न.

"हा मेला इथे कशाला?" मी विचारलं.

"नवरा आहे माझा," लॉर्ना म्हणाली. "शनिवारी लग्न केलं आम्ही."

माझी कॉफी माझ्याच मांडीवर सांडली.

एका गुणाने आम्ही पुढे होतो. शेवटच्या क्षणी आमच्या ब्रिनाने समोरच्या मुलीला अडवलं आणि शिट्टी वाजली. फाउल! मी लॉर्नाच्या आरोळीची वाट बघत होते. आरोळी आली, पण मर्लची.

"आंधळ्या, चष्मा बदल!"

लॉर्नाने त्याची बाही खेचली. "खाली बस रे. ढकललंच तिने. शिट्टी बरोबर आहे."

त्या फाउलपायी समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही बास्केटमध्ये गेले आणि आम्ही एका गुणाने हरलो. पण या दोघांच्या धक्क्यातून सावरण्यात हरल्याचं दुःख करायला मला अजून सवडच मिळालेली नाही.