एका माणसाचं छत

यज्ञेश्वर गवंडी हट्टी खरा, पण एवढा हट्टी असेल असं त्याच्या धाकट्या भावालाही वाटलं नव्हतं. नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला ठरली, तिकडे सरकारी इमारतींची कामं निघाली आणि उज्जैनचे कितीतरी कारागीर सामान बांधून गेले. श्रीनाथही निघाला.

"दादा, चल ना! इथं काय ठेवलंय?"

"तू जा. मी गाव सोडणार नाही. मोठं काम मिळालं की निरोप धाडतो, लगेच परत यायचं."

देवास गेटच्या मोटारअड्ड्यावर श्रीनाथनं डोळे पुसत कबूल केलं.

छताचा गिलावा म्हणजे दोघांचं काम. एकानं परांचीवर चढून लोण्यासारखा मऊ चुना छताला लावायचा, दुसऱ्यानं खाली उभं राहून सांगायचं, "डावीकडे फुगलंय, जरा दाब." वरच्याला नाकासमोरचं छत कळतच नाही. जन्मभर यज्ञेश्वर वर आणि श्रीनाथ खाली. आता यज्ञेश्वर सवयीनं वरून विचारायचा, "कसं आहे रे?" खाली कोण असणार, कप्पाळ! मग स्वतःच उतरायचा, बघायचा, पुन्हा चढायचा. तोवर चुना आवळून घट्ट व्हायचा. घरी जाऊन गार भाकरी खाताना बोलायलाही कुणी नाही. भावावाचून त्याला करमेना, अगदी करमेना.

अशात गावातल्याच फ्रीगंजमध्ये बँकेतल्या शरच्चंद्ररावांचं नवं घर उभं राहिलं. त्यांच्या आई, माई, म्हणाल्या, "आधी बैठकीचं छत करून दाखव. पसंत पडलं तर सगळं घर तुझं."

सगळं घर! एका खोलीसाठी भावाला कसं बोलवायचं? पण सगळ्या घरासाठी बोलावता येणार होतं. म्हणजे ही एक खोली एकट्यानं साधायलाच हवी.

यज्ञेश्वरनं डोकं लढवलं. भैरवगढच्या एका कापड छापणाऱ्या छिप्याकडून कापड गुंडाळायचा जुना लाकडी रूळ आणला, त्यावर घोंगडीचा तुकडा शिवला आणि रूळ लांब बांबूला अडकवला. पातळ चुन्यात बुडवून तो खालूनच छतावर फिरवायचा. चुना एकसारखा बसायचा आणि कुठं फुगलंय ते खालून स्वतःलाच दिसायचं. मग वर चढून करणी फिरवली की झालं! पहिल्यांदा निम्मा चुना तोंडावर पडला. दारं बसवणारा सुतार खो-खो हसला, "अरे भाई, छत को नहला रहे हो या खुद को?" हसेना का! यज्ञेश्वरनं रूळ सोडला नाही.

छत झालं. माईंनी मान वर केली ती खाली करेनात.

"अगं बाई! कुठं सांधासुद्धा दिसत नाही. आणि एकट्यानं?"

यज्ञेश्वर फुलून गेला. "हो माई. आता सगळ्या घराला हात घालतो. भोपाळहून भावाला बोलावून घेतो."

"त्याला कशाला? तिकडे चांगला कामाला लागलाय, त्याच्या पोटावर पाय नको देऊस. तुला दुसऱ्या माणसाची गरजच काय रे? आम्हाला घाई नाही. एकट्यानंच कर सावकाश."

माई मायेनंच बोलल्या; त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? 'नाही माई, एकट्यानं नाही जमत,' एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण डोक्यावर ते छत होतं, आणि ते त्यानं एकट्यानंच केलं होतं.

"जमेल, माई," तो म्हणाला. मग शेजारच्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून रडला.