सुगंधाबाईच्या राजाचा दौरा

सुगंधाबाईच्या गाण्याबद्दल आधी बोलून टाकतो. उपासनेत सगळ्यात बेसूर आवाज तिचा आणि सगळ्यात मोठाही तिचाच. मी पेटी वाजवायचो, त्यामुळे हे दुःख माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मी वरच्या पट्टीत गेलो की ती खालच्या, मी खाली आलो की ती वर. सांगायला गेलं तर म्हणायची, “देवाले ऐकू जाते ना? मंग तुमी काऊन कान धरता?”

चांदा जिल्ह्यात, आरमोरीजवळ मिशनचा लहानसा दवाखाना होता. तिथे ती दाई. नवरा लवकर गेला, स्वतःचं मूलबाळ नाही. पण तिच्या हातावर जन्मलेली पोरं जंगलातल्या गावागावांत सापडायची. वेळ-अवेळ म्हणायची नाही. बोलावणं आलं की चपला हातात घेऊन निघायची. पायात घातल्या तर झिजतात, असं तिचं म्हणणं.

पंचावन्न सालचा डिसेंबर होता. नाताळाच्या आधीचे चार रविवार आम्ही ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणून पाळतो. प्रभू येणार, तर त्याआधी मन झाडूनपुसून घ्यायचं. या दिवसांत सुगंधाबाईला नुसतं उधाण यायचं. त्याच आठवड्यात ती गोंडांच्या एका गावात मंगली नावाच्या बाईचं बाळंतपण करायला गेली. मंगली अडली होती, पण सुखरूप सुटली. पोरगी झाली. आनंदाच्या भरात बाईनं अंगणात जमलेल्या लोकांना सांगून टाकलं, “आमचा मोठा राजा येऊन राह्यला. त्याची वाट साफ करा. खड्डे असन ते भरा, उंचवटे असन ते खोदा. इतवारी आमी येतो त्याचे गाने म्हनत.”

तिला म्हणायचं होतं मनाच्या वाटेबद्दल. पण त्या गावानं ‘वाट साफ करा’ हे शब्द आजवर एकाच प्रसंगी ऐकले होते, साहेबाचा दौरा असला की. आणि दौरा म्हटला की बेगार आलीच. हातातलं काम टाकून रस्ता नीट करायचा, सरपण पुरवायचं, कोंबडी द्यायची आणि मोबदल्याचं नाव काढायचं नाही. साहेबाची ही तऱ्हा, मग राजाची काय असेल! गावाचा म्होरक्या कोलू यानं त्याच दिवशी सगळ्यांना कुदळी घेऊन रस्त्यावर काढलं.

रविवारी आमची गाणारी मंडळी निघाली. पुढे नवा कोट घातलेले आमच्या चर्चचे पाळक, मधे सुगंधाबाई, मागे मी, डोक्यावर पेटी घेऊन. गाव जवळ आलं तसा रस्ता इतका गुळगुळीत लागला की पाळक म्हणाले, “सरकारनं लक्ष घातलेलं दिसतंय.” मीही मनातल्या मनात सरकारला दुवा दिला.

गावात शिरलो तर लहानथोर सगळे ओळीनं उभे. समोर पाय बांधलेले कोंबडे. कोलूनं हात जोडले. “जोहार जी. राजा मांगून येऊन राह्यला का?”

आम्हाला हसू फुटलं. सुगंधाबाईही हसली. मग तिची नजर शेतांकडे गेली आणि तिचा चेहरा उतरला. कापलेलं धान शेतात तसंच आडवं पडलं होतं. आमच्याकडे त्याला कडपा म्हणतात. वर आभाळ काळं झालं होतं. कडपा भिजल्या की लोंब्यांना कोंब फुटतात आणि वर्षाचं अन्न शेतातच सडतं.

“कडपा काऊन उचलल्या नाई?” तिनं विचारलं.

“सारा गाव रस्त्यावर होता ना बाई. तुमीच तं सांगतलं.”

सुगंधाबाई कोलूसमोर मातीत बसली. “कोलूभाऊ, चूक माही हाये. आमचा राजा असा नाई. मले माफ करा.”

कोलू गोंधळून गेला. त्या रस्त्यानं आलेल्या कुणी त्याची माफी मागितल्याचं त्याला आठवत नसावं.

पाळक खाकरले. “आता आलोच आहोत तर उपासना करून घेऊ. शिवाय आज रविवार. आज काम कसं करायचं?”

“पाळकसाहेब, बैल खड्ड्यात पडला तं तुमी वार पाहून काढता का?” ती उठत म्हणाली. “यायचे हात आपल्यासाठी फुकट राबले. पयले ते वापस करू. मंग गानं.”

खरं सांगतो, मला तिचा भयंकर राग आला. एवढी पेटी वाहून आणली ती काय भारे उचलायला? पण तिनं आधी कोंबडे सोडले, पदर खोचला आणि ती शेतात उतरलीसुद्धा. पाळकांनी आभाळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, कोट काढला आणि माझ्या पेटीवर घडी करून ठेवला. मग माझा काय इलाज?

पाळकांचा पहिला भारा वाटेतच सुटला आणि गोंडांच्या बाया पोट धरून हसल्या. सुगंधाबाईनं गाणं उचललं, बायांनी आपलं गाणं उचललं, दोन्ही गाणी एकाच बांधावर गुण्यागोविंदानं नांदली. पेटीवाचून कुणाचं काही अडलं नाही, हे मला जरा लागलंच. खळ्यावर धानाची शेवटची गंजी रचून झाली, वर गवत पडलं आणि टपोरे थेंब सुरू झाले. सगळे धावत कोलूच्या पडवीत शिरलो.

कोलू हसत म्हणाला, “बाई, तुमचा राजा कोंबडं नाई मांगत, बेगार नाई मांगत. मंग तो राजा कायचा?”

“तोच बेगारीतल्या मानसाच्या घरचा हाये, भाऊ,” सुगंधाबाई म्हणाली. “वरून हुकूम सुटला, म्हनून त्याची माय भरल्या दिवसात चालत दूरच्या गावाले गेली. कोनी घरात घेतलं नाई. ढोराच्या कोठ्यात जनमला तो.”

हुकूम म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोपऱ्यात मंगली पोरीला घेऊन बसली होती. तिनं विचारलं, “मंग तिचं बाळंतपन कोनं केलं?”

ही गोष्ट सुगंधाबाईनं किती वर्षं, किती गावांत सांगितली असेल. पण हे आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि दाई असून तिच्याही मनात आलं नव्हतं.

“तुमी पाह्यजे होत्या बाई तिथी,” मंगली म्हणाली, आणि तिनं पोरगी उचलून सुगंधाबाईच्या मांडीवर ठेवली.