एकट्याचा मास बंक

पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षं तुम्ही जे काही करता, ते शेवटी कॉलेज ठेवून घेतं. ड्रॉइंगच्या शीट, जर्नलं, वर्कशॉपमध्ये घासघासून केलेले जॉब, सगळं जमा करायचं असतं. पुढे ते रद्दीत नाहीतर भंगारात जातं. आपल्याकडे उरतात फक्त किस्से. त्यांच्यावर कोणी सही मागत नाही, म्हणून ते साठत राहतात. आता एक सांगायला घेतला की मागून चार येतात, आणि ऐकणारे विचारतात, "हे सगळं तुमच्याच बॅचला कसं काय व्हायचं?"

आमची प्रॅक्टिकल बॅच चौघांची. मी सुप्रिया, इंदिरानगरची, वडील सरकारी ऑफिसात क्लार्क. अमोल साळवे देवळाली कॅम्पचा. मोहन भोये पेठचा, हॉस्टेलवर राहायचा. आणि कैलास पिंगळे मखमलाबादचा, घरी फुलांचा मळा. चौघंही मेकॅनिकल डिप्लोमाला. कैलास कॉलेजात पहिला यायचा. आम्ही तिघं त्याच्या जर्नलवर जगायचो.

आमच्यावर देखरेख भामरे सरांची. सर सटाण्याचे. शांत असले की पुस्तकी मराठी बोलायचे, चिडले की अहिराणीवर यायचे. त्यामुळे सरांचा मूड दारातूनच कळायचा, ही मोठी सोय होती.

*

दहावीनंतर डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. याला डायरेक्ट सेकंड इयर म्हणतात. ऐकायला सोपं आहे, पण चांगल्या कॉलेजात जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि महाराष्ट्रभरचे टॉपर त्यावर टपून बसलेले.

हे घरच्यांना समजावणं अवघड. माझ्या काकांचा तीन वर्षं एकच प्रश्न होता. "ते सगळं ठीक आहे, पण बारावी कधी करणार?"

अमोलच्या आईने उलट केलं. तिने सगळ्या गल्लीला सांगितलं, "पोरगा इतका हुशार आहे, की त्याला पहिलं वर्षच माफ केलंय!" शेजारी एक रिटायर्ड सुभेदार राहायचे. ते म्हणाले, "मतलब सीधा प्रमोशन!" तेव्हापासून ते अमोलला रोज सकाळी गेटवर कडक सॅल्यूट ठोकून विचारायचे, "कैसे हो, इंजिनिअर साब?"

अमोलचं त्या सेमिस्टरला मॅथ्स राहिलं होतं. तो मागच्या गल्लीने यायला लागला.

*

पहिल्या वर्षी फिटिंगचा जॉब असतो. लोखंडाच्या दोन पट्ट्या कानशीने घासून एकमेकींत अशा बसवायच्या, की मधून उजेड दिसता कामा नये. हाताला फोड येतात. शेवटी जॉबवर आपला रोल नंबर पंचने ठोकायचा आणि जमा करायचा.

कैलासने तीन शनिवार घासून जॉब केला. मोहनने एका सीनियरकडून जुना जॉब मिळवला, त्याचा नंबर घासून काढला आणि आपला ठोकला. ही पद्धत कॉलेजइतकीच जुनी आहे.

सरांनी मोहनचा जॉब हातात घेतला आणि म्हणाले, "हाई काय शे?"

अहिराणी ऐकून आम्ही दोन पावलं मागे सरकलो.

सरांनी व्हर्निअर लावला. "जाडी किती पाहिजे?"

"दहा मिलिमीटर, सर."

"भरली किती?"

"आठ."

"नंबर काढताना प्रत्येक बॅच अर्धा मिलिमीटर घासते. म्हणजे झाल्या चार बॅचा. हा जॉब तुझ्यापेक्षा सीनियर आहे. नमस्कार कर त्याला."

मोहनने खरंच वाकून नमस्कार केला. सरांनी त्याला नवीन लोखंड दिलं आणि कैलासचा जॉब खिडकीकडे धरून बघितला. बराच वेळ बघितला. मग मार्क लिहिले.

*

दुसऱ्या वर्षी आम्ही मास बंक ठरवला. कारण आठवत नाही, मास बंकला कारण लागत नाही. अख्ख्या वर्गाने शपथा घेतल्या. भामरे सरांचं दहाचं लेक्चर, कोणीही बसायचं नाही, सगळ्यांनी कॅन्टीनला जमायचं.

दहा वाजून पाच मिनिटांनी मला सरांच्या हातातले टर्मवर्कचे मार्क आठवले. मी हळूच वर्गात गेले. बघते तर अमोल आधीच पहिल्या बाकावर! मोहन माझ्या मागून आला, धापा टाकत. सव्वादहाला वर्ग पूर्ण भरला होता. एकटा कैलास नव्हता.

तो कॅन्टीनमध्ये बसला होता. चार मिसळी सांगून. थंड होतील म्हणून त्याने त्या बशांनी झाकून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला उभं केलं. "काल कुठे होतास?"

"मास बंक व्हता, सर."

"एकट्याने केला तर त्याला मास बंक म्हणत नाहीत. गैरहजेरी म्हणतात."

"पण ठरलं व्हतं, सर."

वर्ग हसला. आम्ही तिघंही हसलो. मधल्या सुट्टीत मी त्याला म्हटलं, "अरे, आम्ही येत नाही बघितल्यावर तू तरी यायचंस ना वर्गात!" त्यावर तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला उशीर झाला."

*

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टच्या स्पर्धेसाठी आम्ही पुण्याला गेलो. स्पर्धा एका जुन्या, मोठ्या सरकारी कॉलेजात होती. डायरेक्ट सेकंड इयरवाले रात्रंदिवस ज्याचं नाव घेतात, ते कॉलेज. आमचा प्रोजेक्ट कांदा चिरायचं मशीन. परीक्षकांसमोर ते चालू झालं आणि बंद होईना. परीक्षक डोळे पुसत निघून गेले. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं.

बक्षीस घ्यायला कैलासच सापडेना. शोधलं तर तो मेकॅनिकल डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डासमोर उभा. हरवलेल्या छत्रीच्या सूचनेपासून सगळं वाचून काढत होता. निघताना त्याने सेकंड इयरच्या टाइमटेबलचा फोटो काढला.

तो फोटो त्याने मोबाइलला वॉलपेपर लावला! लोक देव लावतात, हिरॉइन लावतात. याच्या मोबाइलवर सोमवार ते शनिवार.

मग आमच्या वर्गात बसल्या बसल्या तो घड्याळ बघायचा आणि हळूच सांगायचा, "आत्ता तिकडं थर्मोचं लेक्चर सुरू झालं असंल."

मोहन एकदा वैतागून म्हणाला, "लेका, इकडचं तर ऐकू दे!"

*

परीक्षेच्या आधी आम्ही कैलासच्या मळ्यावर अभ्यासाला जायचो. त्याच्या घरची फुलं रोज सकाळच्या बसने पुण्याच्या एका हारवाल्याकडे जायची. शेवंती, झेंडू. क्रेट भरून स्टँडवर पोचवायचं काम कैलासचं. ते करून तो कॉलेजला यायचा. त्याच्या बॅगेत कायम दोनतीन पाकळ्या असायच्या आणि जर्नलला वास यायचा.

त्याची आई आम्हाला फुकट बसू द्यायची नाही. हातात फुलं आणि सुई द्यायची. कैलास इंटिग्रेशन शिकवायचा आणि आम्ही हार ओवायचो. मोहनचं इंटिग्रेशन शेवटपर्यंत कच्चं राहिलं, पण हार तो फार सुबक करायला लागला.

एकदा मी सहज विचारलं, "काकू, तुम्ही कधी पुण्याला गेल्या आहात का?"

त्या म्हणाल्या, "मी कशाला जाती? आमची फुलं रोज जात्यात. आता पोरगं तेवढं जायचं राहिलंय."

कैलासने मान खाली घालून पुढचं गणित काढलं.

*

रिझल्ट लागला, मेरिट लिस्ट लागली. ऑनलाइन फॉर्ममध्ये कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे होते. भामरे सरांनी सगळ्यांना बोलावून बजावलं.

"एक नंबरला जे कॉलेज टाकाल, ते लागलं की ऑटो फ्रीझ. तीच तुमची सीट. पुढच्या राउंडला बसता येत नाही, बदलता येत नाही, विषय संपला. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही. तुमच्याबरोबर रडायचा मला पगार मिळत नाही."

पुण्याच्या त्या कॉलेजात लागेल असा आमच्यात एकटा कैलास होता. आम्हा तिघांना पुण्यातलं दुसरं एखादं बरं कॉलेज मिळालं तर मिळालं असतं. नाशिकचं एक कॉलेज मात्र चौघांनाही नक्की मिळणार होतं. आणि मला भीती होती, की तिघं पुण्याला जातील आणि मी एकटी मागे राहीन. म्हणून टपरीवर चहा पिताना मीच बोलले. "आपण चौघंही एक नंबरला नाशिकच टाकू या का? एकत्र राहू. ॲडमिशनच्या पहिल्या दिवशी दहा वाजता कॉलेजच्या गेटवर भेटायचं आणि बरोबरच ॲडमिशन घ्यायची."

अमोल म्हणाला, "डन!" मोहन म्हणाला, "लय भारी."

कैलास ग्लासात बघत होता. "चौघंबी टाकणार ना?"

"चौघंही."

"मग ठरलं," तो म्हणाला आणि मोबाइल खिशात ठेवला.

तो काय सोडून देतोय, हे मला त्या क्षणी नीट कळत होतं. तरी मी गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

फॉर्म लॉक करायच्या शेवटच्या दिवशी मी घरी कॉम्प्युटरसमोर बसले आणि पुणे वर घेतलं. मनाशी म्हटलं, एकटीने बदललं तर असा काय फरक पडतो?

*

अलॉटमेंट संध्याकाळी लागली. पाच मिनिटांत मला माझं कळलं. पुणे! आईने साखर हातावर ठेवली. आमच्या ग्रुपवर मी टाकलं, "साइट हँग आहे."

अमोलने लिहिलं, "सेम. ओपनच होत नाही यार."

मोहनने लिहिलं, "इकडं पेठला रेंजच नाय." माझ्या मेसेजवर मात्र दोन निळ्या खुणा लगेच आल्या होत्या.

कैलासने अंगठा टाकला. उद्या दहा वाजता गेटवर भेटायचं होतं. मी मोबाइल बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी चालू केला आणि लिहिलं, "साइट अजून हँग. मी दोन दिवस मावशीकडे चाललेय."

*

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाची पुण्याची बस पकडायला मी महामार्ग स्टँडवर गेले. बस लागलेली होती. खिडकीशी बसले, डॉक्युमेंटची फाइल मांडीवर. कंडक्टर खाली चहा पीत होता.

पुढच्या दारातून अमोल चढला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. मला बघून थबकला.

"कुठे?" मी विचारलं.

"मावशीकडे. तू?"

"मीपण."

तो माझ्या मागच्या सीटवर बसला. मग मोहन चढला. नवीन शर्ट, कॉलरला अजून पिन. आम्हाला दोघांना बघून तो दारातच उभा राहिला. त्याला मावशीच नव्हती, हे आम्हाला माहीत होतं.

"काकाकडं चाललोय," तो म्हणाला.

तिन्ही फायली एकाच दुकानातल्या होत्या. मग अमोलच म्हणाला, "कैलासनेही बदललं असणार यार. टॉपर आहे तो, येडा थोडीच आहे?"

"पुढच्या बसला असंल," मोहन म्हणाला.

मला एकदम हलकं वाटलं. अगदी हसूच आलं. तेवढ्यात बसची डिकी धाडकन बंद झाली, आणि हात झटकत कैलास माझ्या खिडकीखाली आला. शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. रोजची फुलं ठेवायला आला होता.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग अमोलकडे, मग मोहनकडे. मग तिन्ही फायलींकडे.

"मावशीकडे," मी म्हटलं.

"तिघांची एकच दिसती," तो म्हणाला.

"तू कधी निघतोयस?" अमोलने विचारलं.

"कुठं? माझी झाली की कालच ॲडमिशन. नाशिकला. एक नंबरला टाकलेलं लागलं." मग म्हणाला, "गेटवर एक वाजेपर्यंत थांबलो. म्हटलं, तुमची साइट हँग हाय."

त्याने मोबाइल काढून वेळ बघितली. वॉलपेपरवर शेवंती होती.

"हारवाला स्टँडवर येतो फुलं घ्यायला," तो म्हणाला. "त्याला उशीर झाला तर क्रेट सावलीत ठेवा."

मी मान हलवली. त्याने बसच्या पत्र्यावर हाताने दोनदा थापटलं. ड्रायव्हरला वाटलं, कंडक्टरने डबल बेल दिली. त्याने गिअर टाकला आणि बस सुटली!

"अहो, पळा!" कैलास टपरीकडे बघून ओरडला.

कंडक्टर चहाचा ग्लास टाकून पळत सुटला आणि गेटपाशी कसाबसा चढला. कैलास खालीच होता.