उतरायचं बटन

यवतच्या स्टँडसमोर मी कॉम्प्युटरवर गेम खेळायचं दुकान टाकलं होतं, तेव्हाची गोष्ट. कासुर्डीपर्यंत वडापची जीप चालवणारे एक मामा, जीप भरेपर्यंत माझ्याकडे येऊन बसत. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचा गेम एकच, गाडीचा. बाकीची गिऱ्हाईकं त्यात माणसं उडवायलाच यायची, कारण माणूस उडवला की पॉइंट मिळायचे. मामा मात्र आधी कीबोर्डला हात लावून पाया पडायचे आणि वळताना खिडकीतून काढावा तसा उजवा हात बाहेर काढायचे. तो शेजारच्याला लागायचा.

एकदा चौकात त्यांच्या गाडीखाली माणूस आला. रक्त अगदी खऱ्यासारखं पसरलं. मामांनी ब्रेक दाबला.

"पॉइंट मिळाले मामा, पळवा आता!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ठोकून पळू व्हय?" मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "खाली उतरायचं बटन कुठलं हाय?"

मला हसू येणार होतं, पण ते खुर्चीतून अर्धे उठले होते.

"तसलं बटन नाही यात, मामा."

तेवढ्यात पडद्यावरचा माणूस नाहीसा झाला. मामा जीपकडे गेले.

दुसऱ्या दिवशी तोच गेम. त्याच चौकात त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि पडद्याजवळ वाकून रस्ता न्याहाळला.

"घरी गेला आसंल न्हवं?"

गेम दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो, हे काही मला सांगवलं नाही.

"गेला की, मामा. चालत गेला."

मामांनी उजवा हात बाहेर काढला आणि गाडी हळूच रस्त्यावर घेतली.