घासाघीस न करणारा साहेब

आमच्या पाईप कंपनीची विजय नगरातली शाखा बंद होणार, अशी कुजबुज बरेच दिवस चालली होती. साहेब तोंड उघडत नव्हते. शेवटी त्यांनी काय करावं? आमच्या मनःस्वास्थ्यासाठी एक बाई बोलावल्या. बाईंनी आम्हाला गोलात बसवलं, हातात फुगे दिले आणि म्हणाल्या, "सारी चिंता इसमें फूँक दीजिए." पन्नाशीतली माणसं गाल फुगवून बसली. मी माझा फुगा खिशात टाकला.

माझ्या शेजारी हिशेब बघणारी ताई होती. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. पनागरच्या शीतगृहात तिला काम मिळत होतं, पण त्यांना उत्तर त्याच संध्याकाळी हवं होतं. इथली नोकरी टिकणार असेल तर रोजची ती बसची दगदग तिला नको होती. तिने धीर करून विचारलं, "सर, ब्रांच बंद होगी क्या?"

साहेब गोड हसले. "दीदी, हम तो परिवार हैं. बस पॉज़िटिव रहिए."

ताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "चलो भाऊ, मग पनागरवाल्यांना नाही म्हणून देते."

माझं डोकं सटकलं. गोहलपुरात भंगाराचे सौदे करत मी वर आलो. इथली खरेदी माझ्याकडे होती. आदल्याच आठवड्यात घरमालक ऑफिसचा भाडेकरार वाढवायला आला आणि अवाच्या सवा भाडं सांगून बसला. मी बाह्या सरसावल्या, तर साहेब म्हणाले, "जाने दीजिए," आणि त्याला तसंच परत पाठवलं. एरवी झाडूच्या किमतीवरही वाद घालणारा माणूस! ज्याला जागा सोडायची आहे, तो कशाला भाव करेल?

मी उठून उभा राहिलो. "काहून नाही म्हणतेस ताई? यांनी जागेचा करार वाढवलाच नाही. आता विचार, परिवार कुठे बसणार आहे?"

सगळे साहेबांकडे बघू लागले. "ये कोई टाइम है क्या ये बात करने का?" एवढंच ते बोलले. नाही म्हणाले नाहीत. ताई फोन घेऊन बाहेर गेली.

नंतर साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं. "माहौल ख़राब कर दिया आपने. अकेले में पूछ लेते."

"अकेले में ही पूछा था," मी म्हणालो. "तब आपने चाय मँगवा ली थी."

काचेबाहेर ताई फोनवर सांगत होती, "हाँ भैया, पक्का. सोमवार से आ जाऊँगी."

साहेबांनी पडदा ओढला.