पिनावाल्यांचं गाणं, नानांच्या चालीत

भास्करनानांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बोदवडजवळच्या आमच्या गावात, एका लग्नात. नानांचा धुळ्याचा बँड येणार म्हणून सगळं गाव पारावर जमलेलं. जेवणात वरण-बट्टी होती. बँडच्या साइड ड्रमवाल्याने बट्टीवर इतका मनापासून हात मारला, की वरात निघायच्या वेळी तो गोठ्यामागे आडवा पडलेला. नाना ट्रम्पेट काखेत धरून उभे होते. मी तिथेच तेलाचा रिकामा डबा बडवत नवरदेवाची टिंगल करत होतो. नाना जवळ आले आणि म्हणाले, “वाजाडता येस का रे?” मी म्हटलं, फक्त डबा. त्यांनी ड्रमचा पट्टा माझ्या गळ्यात घातला. “हाऊ बी डब्बाच शे.”

त्या वरातीबरोबर मी गेलो तो पाच-सहा वर्षं नानांच्या बँडमध्येच राहिलो. सातवीत नापास झालेला, घरात कोणाशी न पटणारा असा मी. नानांनी कधी विचारलं नाही की शाळा का सोडलीस, बापाशी का भांडलास. ड्रमची कातडी जास्त ताणली की फाटते, एवढंच एकदा म्हणाले, आणि ते ड्रमबद्दलच म्हणाले असं मी अजून धरून चालतो. आता मी मस्कतला एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करतो. नानांच्या साठीच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या अंकात लिही, असा निरोप क्लॅरिनेटवाले दगडूभाऊ यांनी फोनवर दिला. नानांच्या कलेवर जाणकार लोक लिहितीलच. पिनावाल्यांच्या गाण्याबद्दल मात्र मीच लिहिलं पाहिजे.

त्याआधी नानांच्या स्वभावाबद्दल. वाजवणाऱ्यांना शेवटच्या पंगतीला, उरलंसुरलं वाढायची रीत आपल्याकडे आहे. नानांनी ती कधी चालू दिली नाही. शिरपूरच्या एका बड्या लग्नात मुलाचे मामा गुरगुरले, की आधी वरात, जेवणाचं मग बघू. नाना घोड्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. ट्रम्पेट उचललंच नाही. घोडा कंटाळला, नवरदेव घामाघूम झाला, शेवटी मामाच आम्हाला पंगतीत बसवायला आले. वरात ज्या घरावरून जाईल तिथे नुकतंच कोणी गेलेलं असलं, तर नाना दुरूनच हात वर करायचे आणि सगळा बँड गप्प व्हायचा. वरातवाले चिडायचे. नाना टोपी हातात घेऊन ते घर ओलांडायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा सुरुवात करायचे.

आता ते गाणं. नानांचे मेहुणे मुंबईला गोदीत कामाला. त्यांनी एकदा एक जुना टेपरेकॉर्डर आणला, त्यात कोणाची तरी कॅसेट राहून गेलेली. डबीवर चार गोऱ्या पोरांचा फोटो. शर्ट फाटलेले आणि फाटलेलं सेफ्टी पिनांनी जोडलेलं. डबीवरचं नाव आमच्यापैकी कोणाला वाचता आलं नाही, म्हणून आम्ही त्यांना पिनावाले म्हणू लागलो. नानांनी फोटो निरखून पाहिला. “या पोरेसना घरमा बटनं लावनारं कोनी नही का?”

आमचा बँड नोटेशनवर नाही, कानावर चालतो. कॅसेट ऐकायची, आधी तोंडाने म्हणायची, मग वाद्यावर घ्यायची. उन्हाळ्यात लाइट नसायची, म्हणून टेप सेलवर. सेल उतरले की दगडूभाऊ ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे आणि पुन्हा थोडा वेळ चालवायचे. अशा मरत्या सेलवर आम्ही पिनावाल्यांचं गाणं ऐकलं. जाड, ओढलेला आवाज, एकेक शब्द चिखलातून पाय काढावा तसा येणारा. नाना डोळे मिटून बसले होते. म्हणाले, “हाऊ पोऱ्या रडी राह्यना.”

ते गाणं नानांनी पाठवणीला बसवलं. साक्रीकडच्या एका लग्नात मुलगी जीपमध्ये बसताना ट्रम्पेटवर ते पहिल्यांदा वाजलं. मुलीचे वडील तोवर मंडपाच्या दोऱ्या सोडवण्याचं सोंग करत होते, ते दोरी हातात घेऊन तिथेच खाली बसले. कोणत्या पिक्चरचं गाणं, असं जो तो विचारत होता. नंतर साक्री-पिंपळनेरपर्यंत लोक सुपारी देतानाच सांगू लागले, पाठवणीला ते विलायती पाहिजे.

वर्षभराने दुरुस्तीच्या दुकानात, मरत्या सेलवर नव्हे तर थेट विजेवर, टेपला नवा पट्टा घालून ती कॅसेट लागली तेव्हा सगळे हादरलो. गाणं दुप्पट वेगात. पोरगा रडत नव्हता, शिव्या घालत होता. नव्वद लग्नांत आम्ही भांडण वाजवून बायकांना रडवलं, असं म्हणत दगडूभाऊ पोट धरून हसत सुटले. मी मात्र त्या वेगाच्या प्रेमातच पडलो. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण हा माणूस कोणावर तरी चिडलेला आहे एवढं कळायचं. मीही चिडलेला होतो. कोणावर, ते मला सांगता आलं नसतं. मी हट्ट धरला की आता गाणं खऱ्या वेगाने वाजवू. नानांनी पुन्हा एकदा ऐकलं आणि नकार दिला. “त्या आते पोरे शेतस. वय व्हवू द्या, मंग बराबर म्हनतीन.”

पोरांचं वय होईपर्यंत थांबायचं म्हणे! मला राग आला होता. थोड्याच दिवसांत मी बँड सोडला. आधी सुरत, मग इथे.

इथे हॉटेलच्या बारमध्ये ड्रम वाजवणारे गोव्याचे फ्रान्सिसभाई यांना मी चाल म्हणून दाखवली, पिनांचं सांगितलं, तेव्हा त्यांच्याकडून कळलं, की त्या गाण्याच्या जातीला पंक म्हणतात. विलायतेत बेकार पोरांनी ते काढलं आणि दोन-तीन वर्षांत गाजवून सोडलं. पिनावाल्यांची पुढची गतही त्यांनीच सांगितली. एक नशेत लवकर गेला. एक लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करतो. तिसरा कुठे आहे कोणाला माहीत नाही. म्हातारं होण्याआधी मरू, असं ही पोरं गाण्यात म्हणायची म्हणे. जो मेला त्याचा फोटो अजून शर्टावर छापतात. जे जगले त्यांचं काय करायचं, हे कोणालाच ठरवता आलेलं नाही. यावर मी इस्त्री करताना फार विचार केला आहे. राग हा तरुण माणसाचा धंदा. तो धंदा बसला की माणसाने जायचं कुठे?

मागच्या हिवाळ्यात हॉटेलच्या दारात पाटी लागली, तिच्यावर तोच डबीवरचा फोटो. आले मात्र एकटे चौथे, गाणारे. पोट सुटलेलं, केस विरळ. त्यांचा कार्यक्रमाचा शर्ट लाँड्रीत आला. माझी पाळी नव्हती. शिवणकाम बघणारे केरळचे युसुफभाई, फार सरळ माणूस. त्यांनी सगळ्या पिना काढल्या, फाटलेलं बारीक टाक्यांनी रफू केलं आणि बटणं लावून दिली. तो शर्ट तसाच, फाटका आणि पिनांसकट घालायचा असतो, हे सांगायला मला उशीर झाला होता. दुपारी तो शर्ट घेऊन मीच हॉलमध्ये गेलो. खुर्च्या रिकाम्या, ते एकटेच गिटार लावत होते. त्यांनी शर्ट उलटसुलट केला, रफूवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता नोकरी गेली. त्यांनी तो अंगात घातला आणि सगळी बटणं लावली, गळ्यापर्यंत. मग गाणं म्हणून पाहिलं. तेच गाणं. गळा साथ देत नव्हता, दम पुरत नव्हता, म्हणून हळू. एकेक शब्द ओढत. आपल्या मरत्या सेलवरच्या वेगात, नानांच्या चालीत.

मी त्याच आठवड्यात धुळ्याला फोन लावला. नानांच्या बँडच्या दुकानाशेजारच्या एसटीडीवाल्या अशोकने त्यांना बोलावून आणलं. मी सगळं सांगितलं. वाटलं, नाना म्हणतील, बघ, मी म्हटलं होतं. नानांनी विचारलं, “त्याना दात शेतस का?”

मी म्हटलं, “आहेत, नाना.”

“मंग त्याले काय शे,” नाना म्हणाले आणि फोन अशोकच्या हातात दिला.

नानांचे पुढचे दात गेल्या वर्षी काढावे लागले, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ट्रम्पेट दातांच्या आधारावर उभं असतं. कवळी बसवली, ती फुंकताना हलते. तेव्हापासून नाना वरातीत नुसते पुढे चालतात, आणि वराती तरी किती उरल्यात, लोक आता भोंग्यांची गाडी सांगतात. दगडूभाऊ म्हणाले, की सत्काराच्या दिवशी नाना शाल-श्रीफळ घेऊन आपलं ट्रम्पेट सगळ्यांसमोर धाकट्या वादकाच्या हाती देणार आणि पुन्हा कधी ओठांना लावणार नाहीत. सत्कार समितीने पत्रिकेतही तसं छापलंय.

समितीची माफी मागून लिहितो, मला हे मान्य नाही. नानांनी त्या दिवशी ते गाणं वाजवावं. नानांचं वाजवणं जोरासाठी कोणी ऐकलं नव्हतं. ज्या गाण्यात चार पोरांना फक्त राग सापडला, त्यात नानांना रडणं ऐकू आलं, आणि ते ऐकायला दात लागले नव्हते. तो विलायतेचा माणूस फाटका गळा घेऊन रिकाम्या खुर्च्यांपुढे गायला. नानांपुढे तर तुम्ही सगळे बसलेले असाल. सूर फुटेल, हवा निसटेल, लोक खाली बघतील. बघू द्या.

मला रजा मिळाली नाही. त्या दिवशी मी फोन लावणार आहे. अशोक आपल्या फोनची तार मंडपापर्यंत लांबवून रिसीव्हर मंचाकडे धरणार आहे, तसं त्याने कबूल केलंय. नानांना पुष्कळ आयुष्य मिळो, प्रकृती चांगली राहो आणि छातीत हवा राहो, बाकी सगळं आम्ही सांभाळू. नाना, मी फोन कानाला लावून उभा असेन. काही वाजलं नाही, तरी मी आपणहून फोन ठेवणार नाही.