मामा आणि हिरवं पाणी

माझ्या मामाचं सगळं आयुष्य पाणी निवळ ठेवण्यात गेलं. शहरातल्या पोहण्याच्या तलावावर तो देखरेखीला होता. खोल बाजूला पडलेलं नाणं छाप्याकडून पडलंय की काट्याकडून, हे काठावरून दिसलं पाहिजे, असा त्याचा दंडक. हाताचा क्लोरीनचा वास सुट्टीच्या दिवशीही जायचा नाही. लग्न केलं नाही. आई म्हणायची, "कोणतीच मुलगी याला पुरेशी स्वच्छ वाटली नसती."

तो तलाव बुजवून तिथे गाड्या उभ्या राहायला लागल्या, तेव्हा आई जाऊन मामाला सामानासकट घरी घेऊन आली. माझे वडील विटा पाडायचे. ते गेल्यावर परसामागचा मातीचा खड्डा पाण्याने भरला होता आणि त्यात मासे वाढवायचं आईने मनावर घेतलं होतं. "तुला पाण्यातलं कळतं, मला माशातलं," ती मामाला म्हणाली. माशातलं आईला फक्त तळणं येत होतं.

माशांची पिल्लं विकणाऱ्या माणसाला सगळे बीजवाला म्हणत. त्याने हवेने टम्म फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून बोटभर लांबीची पिल्लं आणून सोडली आणि मामाने तळं ताब्यात घेतलं. सकाळी लांब दांड्याच्या जाळीने तो पान न् पान काढायचा. पाण्यावर जरा हिरवट झाक आली की तुरटी फिरवायचा, बोअरचं ताजं पाणी सोडायचा. बघता बघता तळाशी पडलेल्या वडिलांच्या फुटक्या विटा दिसायला लागल्या. शेजारपाजारचे मुद्दाम बघायला येत. मामा कमरेवर हात ठेवून उभा राहायचा.

मासे मात्र वाढेनात. आई कोंडा आणि पेंड घालत होती, मासे ते खातही होते. तरी डोकं मोठं आणि अंग काडीसारखं, अशी त्यांची दशा. ज्या दिवशी बीजवाला चौकशीला आला, त्या दिवशी त्याने पाण्यात वाकून बघितलं.

"पाणी झकास आहे," तो म्हणाला. "पिता येईल."

"मग अडलंय कुठे?" मामाने विचारलं.

"माशांनी नुसतं पिऊनच राहायचं का, मामा? मूठभर कोंड्यावर पोट भरतंय होय त्यांचं? चुना टाका, शेण कालवून टाका. पाणी हिरवं होऊ द्या."

भर चौकात कपडे काढायला सांगितल्यासारखा मामाचा चेहरा झाला. त्या दुपारी तो ताटावरून लवकर उठला. "हयातभर जे काढत आलो, ते आता हाताने आत टाकू?" तो आईला म्हणाला. आईने गोठेवाल्याकडे शेणाची चौकशी आधीच केली होती, हे मला माहीत होतं.

मी तेव्हा रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचे. मामाला म्हटलं, "टाकू नकोस. आधी बघ तर." आमच्या डॉक्टरबाईंची परवानगी काढली. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन एकीत आमच्या तळ्याचं पाणी घेतलं, दुसरीत बीजवाल्याच्या हिरव्या तळ्याचं. ती दुसरी बाटली मामाने रुमालात गुंडाळून, अंगापासून लांब धरून आणली.

पहिला थेंब आमचा. मामाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "काही नाही," तो समाधानाने म्हणाला. "नुसता उजेड."

मग मी दुसरा थेंब ठेवला.

मामाने डोळा लावला तो काढलाच नाही. मला वाटलं, त्याला दिसत नाहीये, म्हणून मी चाक फिरवायला हात पुढे केला, तर त्याने न बघताच तो बाजूला सारला. आत काय आहे ते मला माहीत होतं: हिरव्या गोळ्या, काचेच्या होड्यांसारखी शेवाळं, तोंडाभोवती केसांची चक्रं फिरवणारे जीव, आणि त्या सगळ्यांना गिळत उड्या मारणारा एक पारदर्शक कीटक. त्याच्या अंगातलं धडधडणारं काळीजसुद्धा दिसतं.

"हे सगळं एका थेंबात?" मामाने हळू विचारलं.

"एका थेंबात."

"आणि मासे हे खातात?"

"हो. पाण्याचा तो रंग म्हणजे यांचाच रंग."

डॉक्टरबाई हात पुसत आल्या, त्यांनीही डोळा लावला आणि आपलं काम विसरून बघत राहिल्या. मामा स्टुलावर टेकला आणि म्हणाला, "मी उपाशी ठेवलं गं त्यांना."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः चुना विरघळवला आणि मग काही दिवस जाऊ देऊन शेण कालवून टाकलं. तोंडावर फडकं बांधून, पण टाकलं. विटा धूसर झाल्या, मग नाहीशा झाल्या. हात कोपरापर्यंत पाण्यात घातला की तळवा दिसेनासा व्हावा, एवढंच हिरवं हवं, असं बीजवाल्याने सांगितलं होतं. मासे भरू लागले. त्यांच्या पाठी रुंद झाल्या, शेपटीचा फटका काठापर्यंत ऐकू यायला लागला. मामाला हुरूप आला आणि त्याने शेणाच्या टोपल्या वाढवल्या.

मग आभाळ भरून आलं आणि ऊन दिसेना. एका पहाटे आईने हाक मारली. सगळं तळं तोंडांनी भरलं होतं. मासे पाण्यावर येऊन हवेसाठी आ वासत होते.

मामाला पंपातलं सगळं कळायचं. त्याने पाइप उंच बांधला, तोंडाला भोकांचा डबा लावला आणि तळ्याचंच पाणी पावसासारखं तळ्यात पाडत राहिला. आई आणि मी परातींनी पाणी उडवत होतो. काही मासे गेलेच. पण उजाडलं तशी तोंडं एकेक करून खाली गेली.

"दिवसा हीच हिरवळ पाण्यात हवा सोडते," बीजवाल्याने नंतर समजावलं, "आणि रात्री तीच ओढून घेते. ऊन नसलं, हिरवं जास्त झालं, की पहाटेला माशांच्या वाट्याला काही उरत नाही."

मामा तळ्याकडे बघत होता. "म्हणजे हे रोज रात्री श्वास घेतं," तो म्हणाला, "आणि आपण शेजारी झोपलेलो असतो." त्यानंतर तो टोपली टाकण्याआधी आभाळ बघायचा आणि कोपरापर्यंत हात बुडवायचा.

जाळं ओढलं त्या दिवशी आईला पहिला मासा दोन्ही हातांनी धरावा लागला. तिने तो कुणाला दाखवला नाही, नुसती धरून उभी राहिली. मी त्याचा एक खवला प्रयोगशाळेत नेला, मामा बरोबर आला. झाडाच्या बुंध्यात असतात तशा त्यात रेषा होत्या. आतल्या भागात त्या एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की मोजता येऊ नयेत. बाहेर एकदम मोकळ्या, ऐसपैस.

मी मामाला सांगितलं, की मासा जोमाने वाढला की रेषा लांब लांब पडतात आणि वाढ खुंटली की दाटतात.

तो बघत राहिला. त्याच्या श्वासाने काचेवर वाफ धरत होती.

"पाण्याचं एवढं अंगावर उमटतं," तो म्हणाला, आणि मग, "ताईला दाखवायचंय. तिला घेऊन येऊ का आत्ता?"

डॉक्टरबाईंनी होकाराची मान हलवली, तेव्हा तो जिन्यावरून उतरतही होता.